एव्रोसला जायचा वशिला

झानिसला फक्त तीन शब्द लिहायचे होते. लष्कर, नौदल, हवाई दल. आवडीप्रमाणे एकाखाली एक. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक पोराला सक्तीच्या सैन्यसेवेसाठी ते लिहून द्यावेच लागतात, त्यात काही पराक्रम नाही. पण या तीन शब्दांपायी रविवारी जेवणाच्या टेबलावर असा काही गोंधळ उडाला, की भाजलेलं कोकरू थंडगार पडलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"हवाई दल," आई म्हणाली. मार्केल्ला तिचं नाव. तिने 'हवाई दल' असं म्हटलं की पुढे पूर्णविराम आला असं समजायचं. "तिथे गाद्या असतात. गरम पाणी असतं. माझा मावसभाऊ आहे अथेन्सजवळच्या विमानतळावर, त्याच्या कानावर घातलंय मी."

"तुझा मावसभाऊ तिथले बंब दुरुस्त करतो," आजोबा म्हणाले. "त्याचं तिथे नळसुद्धा ऐकत नाहीत."

"बंब दुरुस्त करणाऱ्याला मोठमोठ्या साहेबांच्या न्हाणीघरापर्यंत जाता येतं, बाबा. तुमच्या अॅडमिरलला जाता येतं का?"

"अॅडमिरलचं नाव काढायचं काम नाही!"

आजोबांची सगळी हयात मालवाहू जहाजांवर गेली होती. कधीतरी एका बंदरात त्यांनी एका नौदलाच्या साहेबाची बॅग उचलून दिली, साहेब पुढे अॅडमिरल झाला, आणि तेव्हापासून आजोबांच्या बोलण्यात तो घरच्यासारखा येऊन-जाऊन असायचा. "पोरगा नौदलातच जाणार," ते म्हणाले. "नौदलातून सुटला की जहाजावरची नोकरी दारात उभी असते. या घरातले पुरुष पाण्यावर कमावतात. याचा बाप आत्ता कुठे आहे? पाण्यावर!"

"त्याचा बाप आत्ता बटाटे सोलतोय," आई म्हणाली. "जहाजावरचा स्वयंपाकी आहे तो."

"पाण्यावरच सोलतोय ना?"

"मी लष्कर लिहिणार आहे," झानिस म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. त्याचं कुणी ऐकत नाही याची त्याला सवय झाली होती. गेल्या वर्षी त्याने शाळा सोडली, मास्तरांच्या टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा आदळून घरी आला, तेव्हापासून तर या घरात तो म्हणजे एक खुर्ची होती. त्याच्या डोक्यावरून बोलायचं. गावात गॅरेजमध्ये तो ट्रॅक्टरची आणि होड्यांची इंजिनं खोलायचा, संध्याकाळी कोपरापर्यंत काळा होऊन यायचा, आणि घरी कुणीतरी म्हणायचं, आधी हात धू. बाकी त्याच्याशी बोलायचं असं फारसं काही नव्हतं.

"लष्कर!" तो ओरडला. मूठ अशी आपटली की ऑलिव्हची वाटी उलटली. "रणगाडे! एव्रोसला!"

आता ऐकलं.

एव्रोस म्हणजे पार वरची नदी. अलीकडे आपण, पलीकडे तुर्क. ज्या पोराचं कुणी नाही त्याला तिथे पाठवतात, हे हिओस बेटावरच्या प्रत्येक आईला पाठ असतं. तिथे म्हणे थंडीत बुटांना भेगा पडतात आणि पोरं घरी फोन करून नुसती हुंदके देतात.

आईने छातीवर क्रूस काढला. "देवमाते! कुणाशी भांडलास? मुलगी आहे का कुणाची? खरं सांग, कुणाच्या भावाने धमकी दिली?"

"कुणी नाही धमकी दिली!"

"मग एव्रोसला कशाला?" आजोबा खरोखरच गोंधळले होते. "तुर्क बघायचे असतील तर गच्चीवर जा की. समुद्रापलीकडे समोर दिसतात. रात्री दिवे पण लावतात."

"मला तुर्क नाही बघायचे! मला रणगाड्याचं इंजिन बघायचंय. आणि मला इथून जायचंय."

हे शेवटचं वाक्य कुणाच्या कानापर्यंत पोचायच्या आत दार वाजलं. दार वाजलं म्हणजे काय, उघडलंच. नोनो व्रासिदास आत आला. नोनो म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी ज्याने तुम्हाला तेल चोपडून पाण्यात बुडवलं, तो. झानिसला आणि त्याच्या मोठ्या भावाला, इसिदोरोसला, दोघांनाही यानेच बुडवलेलं. फ्रिज-टीव्हीचं दुकान, चर्चच्या समितीत पुढची खुर्ची, मिशा पांढऱ्या, पोट आधी आणि माणूस मागून. हातात मिठाईचा डबा.

"झालं!" नोनो म्हणाला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काम झालं! कर्नलशी बोललो. पोराने काहीही लिहू दे. लष्कर तर लष्कर, पण पोरगा इथेच, बेटावरच्या छावणीत. सकाळी गणवेश, रात्री आईच्या हातचं जेवण. आपल्या इसिदोरोसचं केलं तसंच, अगदी तसंच."

आई रडायलाच लागली, आनंदाने. हवाई दल ती एका क्षणात विसरली. आजोबासुद्धा जरा कुरकुरले आणि मग म्हणाले, घरीच झोपणार असेल तर गोष्ट वेगळी. नोनोने कुणी न विचारता कोकराचा मोठा तुकडा ताटात घेतला.

झानिसने समोर बघितलं. समोर इसिदोरोस बसला होता. त्याच खुर्चीत, भिंतीकडच्या, जिथे तो सैन्यात जाण्याआधी बसायचा. अंगात तोच टी-शर्ट, मानेपाशी सैल झालेला. त्याने अख्खी नऊ महिन्यांची सैन्यसेवा या गावापासून मोपेडने पंधरा मिनिटांवरच्या छावणीत कर्नलला कॉफी करून देण्यात काढली होती. रोज संध्याकाळी घरी. आई त्याचा गणवेश इस्त्री करायची. सुटका झाली त्या दिवशी त्याने गणवेश काढला, टी-शर्ट घातला आणि खुर्चीत बसला, तो आजपर्यंत. मध्ये फक्त तेवढं एक झालं की तो सुवलाकीच्या, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाच्या, दुकानाची पार्सलं मोपेडवरून पोचवायला लागला.

"विचार ना भावाला, कसं होतं," नोनो तोंडात घास असताना म्हणाला.

"बरं होतं," इसिदोरोस म्हणाला. त्याने मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. "कॉफी शिकलो."

"बघ!" आई म्हणाली.

झानिस उठला आणि दार आपटून बाहेर गेला. मागून आजोबांचा आवाज आला, "आता याला काय झालं?"

*

सोमवारी तो शहरातल्या नागरिक सेवा केंद्रात गेला. खिडकीमागे कालिओपी मावशी होत्या. खरी मावशी नव्हे, पण गावातल्या सगळ्या पोरांचे दाखले त्यांनीच काढलेले, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. त्यांनी त्याला बघितलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"आलास का? तुझ्या नावाने सकाळपासून मला बसू देत नाहीत रे. तुझे आजोबा, तुझी आई, मग परत तुझे आजोबा."

"ते काय म्हणाले ते सोडा. मी सांगतो ते टाका. एक नंबरला लष्कर. खाली आवडीचं काम विचारतात तिथे रणगाडे. आणि कुठे, तर सीमेवर."

कालिओपी मावशींची बोटं कीबोर्डवर थांबली. त्या पुढे वाकल्या. आवाज खाली आणला. "पोलिसांचं काही लफडं आहे का?"

"नाही!"

"मुलगी?"

"अहो नाही!"

"मग डोक्यावर पडलास का? अरे, मी इथे बसल्यापासून सीमा टाळायला आलेली पोरं बघितली. पाठीचा मणका सरकलेला, दमा, बहिणीचं लग्न, कुणाची तर शेळी आजारी. सीमेवर पाठवा म्हणून आलेला तू पहिलाच."

"मग बरंच झालं ना! तिथे कुणालाच जायचं नाही, मला जायचंय, मला पाठवा. सरळ गणित आहे."

मावशींनी त्याच्याकडे बघितलं ते जरा कीव केल्यासारखं. "गणितातच नापास होऊन शाळा सोडलीस ना? हे बघ बाळा. मी तू म्हणशील ते टाकते. टाकलं. पण हे जातं इथून, आणि फोन जातो वरून. तुझ्या नोनोने कर्नलला फोन केलाय ना? मग तू इथेच राहणार. तू इथे 'चंद्रावर' लिहिलंस तरी इथेच राहणार."

"मग हे लिहून घेता कशाला?"

"ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी," मावशी म्हणाल्या. "पुढचा कोण आहे?"

झानिस बाहेर आला आणि मोपेडला लाथ घातली. मोपेड त्याची स्वतःची होती, लाथ लागली ती त्याच्याच अंगठ्याला. तो एका पायावर नाचत असताना समोरच्या कॉफीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय रे, सैन्यात लागलास वाटतं?"

*

मग तो कर्नलकडेच गेला. गावातला दुसरा कुणी असता तर आधी कुणाची तरी ओळख काढून गेला असता. झानिसचं डोकं इतकं फिरलं होतं की तो सरळ छावणीच्या फाटकावर जाऊन उभा राहिला.

फाटकावरचा शिपाई त्याच्याच वयाचा, मुख्य भूमीवरचा, उन्हाने नाक सोललेलं. "कुणाला भेटायचंय?"

"कर्नलसाहेबांना. व्रासिदासचा धर्मपुत्र आलाय म्हणून सांग."

शिपायाचे डोळे चमकले. "म्हणजे तुझी इथे ओळख आहे? ए भाई, ऐक ना. मला माझ्या गावाकडे, लारिसाला, बदली करून दे ना. आई आजारी आहे माझी. खरंच आजारी आहे रे, बाकीच्यांसारखं नाही."

"मी स्वतःची बदली करायला आलोय."

"कुठे?"

"एव्रोसला."

शिपायाने त्याला आत सोडलं, पण तो आत जाईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहिला, वेड्याकडे बघावं तसा.

कर्नल त्याच्या कचेरीमागे टोमॅटोला पाणी घालत होता. चांगली दहा-बारा रोपं, काठ्यांना नीट बांधलेली. रणगाडा वगैरे कुठे दिसत नव्हता. शर्टाची वरची बटणं सुटलेली, पायात सपाता. झानिसला बघून तो हसला.

"अरे, तू इसिदोरोसचा भाऊ! तुझं काम झालंय. आभार मानायची काही गरज नव्हती. मासे आणलेस का?"

"साहेब, मला ते काम झालेलं नको आहे."

"म्हणजे?"

"मला इथे नाही राहायचं. मला एव्रोसला पाठवा. नोनोंनी सांगितलं ते काढून टाका."

कर्नलने पाण्याची नळी खाली ठेवली. हात पुसले. मागे-पुढे बघितलं. "तू फोनवर रेकॉर्ड करतोयस का? खिशात काय आहे?"

"पाना आहे, साहेब. गॅरेजमधून आलोय."

"वर्तमानपत्रातला कुणी आहे का तुझ्या ओळखीचा?"

"कुणी नाही हो! मला फक्त जायचंय. त्यात एवढं काय आहे?"

कर्नल एका उलट्या बादलीवर बसला आणि समजावण्याच्या सुरात बोलायला लागला, आणि तो सूर झानिसला सगळ्यात जास्त डोक्यात जायचा. "पोरा, हे बघ. तुझ्या नोनोने माझ्याकडे शब्द टाकला. मी हो म्हटलं. आता त्याने गावभर सांगितलंय की कर्नलने हो म्हटलं. सांगितलंय ना?"

"सगळ्या गावाला."

"मग? आता तू एव्रोसला गेलास तर लोक काय म्हणतील? कर्नलच्या शब्दाला किंमत नाही. मग उद्या दुसरा कुणी माझ्याकडे शब्द टाकेल का? माझ्या बायकोच्या भाचीचं कॉलेजात अडलंय, ते कोण बघणार? तुझ्या नोनोचा मेहुणा बघणार. आता कळलं?"

"नाही कळलं! म्हणजे मी कुठे जायचं, ते तुमच्या भाचीवर अवलंबून आहे?"

"बायकोच्या भाचीवर," कर्नलने दुरुस्ती केली. तो खरंच वाईट माणूस नव्हता. त्याने जरा विचार केला. "एक करता येईल. तुझ्या नोनोपेक्षा मोठ्या कुणीतरी मला सांगितलं की याला एव्रोसला पाठवा, तर माझा नाइलाज. वरून आलं, मी काय करणार. असा कुणी आहे का तुझा?"

ज्यांचा कुणाचा वशिला नाही अशी पोरं जिथे जातात, तिथे जायला झानिसला वशिला आणायला सांगत होते.

"नाही ना?" कर्नल म्हणाला. "मग टोमॅटो घेऊन जा आईला. छान आलेत."

झानिसने टोमॅटो घेतले नाहीत. फाटकावर शिपायाने विचारलं, "लारिसाचं बोललास का?" त्याला झानिसने जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

इसिदोरोस सुवलाकीच्या दुकानाबाहेर मोपेडवर आडवा बसून कागदातले तळलेले बटाटे खात होता. झानिस त्याच्यापाशी थांबला तो सांगायला नव्हे, ओरडायला. ओरडायला घरी कुणी नव्हतं आणि गॅरेजचा मालक अशा वेळी कामाचा पाना हातातून काढून घ्यायचा.

त्याने सगळं सांगितलं. कालिओपी मावशी, टोमॅटो, भाची. इसिदोरोस खात राहिला.

"नोनोपेक्षा मोठा माणूस!" झानिस ओरडला. "कुठून आणू मी? या बेटावर नोनोपेक्षा मोठा फक्त डोंगर आहे!"

"सकाळी कर्नलने कॉफी प्यायली होती का?" इसिदोरोसने विचारलं.

"मला काय माहीत? हा काय प्रश्न आहे?"

"नसणार. सध्या जो पोरगा ठेवलाय ना, तो कॉफी उकळू देतो. फेस जातो सगळा." त्याने बोटं पँटला पुसली. "कर्नल आठवड्यातून दोन-तीनदा इथून पार्सल मागवतो. भूक नसते त्याला. दुकानात सांगतो, इसिदोरोसलाच पाठवा. मी जातो, त्याची कॉफी करतो, तो एक घोट घेतो आणि डोळे मिटतो. मग बोलत बसतो माझ्याशी. बायकोबद्दल, बढती हुकली त्याबद्दल, सगळं. मी हं हं करतो."

झानिस त्याच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तू बोलू शकतोस त्याच्याशी?"

"शकतो."

"मग रविवारी तोंडात काय बोळा होता? मी तिथे घसा फोडत होतो!"

"तू मला विचारलंस का?" इसिदोरोसने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यात बघितलं. "तू गेली दोन वर्षं मला काय म्हणतोस? 'ए कॉफीवाल्या.' 'वशिल्याचं तट्टू.' पाहुण्यांसमोर पण म्हणतोस. मी मग गप्प बसतो."

झानिस खरंच तसं म्हणायचा.

"मी पण लिहिलं होतं," इसिदोरोस म्हणाला. "नौदल. पाणबुडे. मला पाण्याखाली श्वास किती वेळ धरता येतो माहितीये तुला. पण नोनोने फोन केला, आई रडली, आजोबा म्हणाले पाण्याखाली कशाला, पाण्यावर असतं तर गोष्ट वेगळी. मी दार आपटून नाही गेलो. मी जेवलो."

समोर एक ट्रक मस्तकीच्या डिंकाची पोती घेऊन गेला, धूळ उडाली. दोघांनी डोळे मिटले.

"पण म्हणजे," झानिस शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज परत चढायला लागला, "मी पण वशिल्यानेच जाणार. एवढं सगळं करून, वशिल्याने!"

"वशिल्याशिवाय जाऊन बघितलंस ना आज? कुठे पोचलास?"

"टोमॅटोपर्यंत."

"मग."

झानिसने एक बटाटा उचलला, खाल्ला, आणि रागातच चावला. "बोल त्याच्याशी."

"नीट सांग."

"बोल ना, इसिदोर. प्लीज."

"परत आलास की कॉफीवाला म्हणायचं नाही. कुणासमोरच नाही."

"नाही म्हणणार."

इसिदोरोसने कागदाचा बोळा केला, डब्यात टाकला आणि किल्ली फिरवली. मोपेड खोकली. "कार्ब्युरेटर साफ करून दे उद्या," तो म्हणाला आणि छावणीच्या रस्त्याला लागला. झानिसला वाटलं, हा इतका सरळ बसून मोपेड चालवतो, हे आपण कधी बघितलंच नव्हतं.

*

कॉफीच्या एका कपात काम झालं. पण ते ज्या तऱ्हेने झालं, त्याने झानिसचं डोकं पुन्हा फिरायची वेळ आली.

पुढच्या रविवारी नोनो आला तो रडवेला चेहरा घेऊन येईल असं त्याला वाटलं होतं. नोनो आला तो छाती पुढे काढून. डबा मागच्यापेक्षा मोठा.

"मार्केल्ला, बस. खाली बस. तुझ्या पोराला अथेन्सहून बोलावणं आलंय."

"काय?"

"कर्नलने स्वतः मला घरी बोलावून सांगितलं. म्हणाला, व्रासिदास, मला माफ कर, माझा नाइलाज आहे. फार वरून फोन आलाय. एवढ्या वरून, की नाव सांगता येत नाही. त्यांना रणगाड्यांसाठी हाच पोरगा पाहिजे. एव्रोसला. खास जागा."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "अॅडमिरल," ते हळूच म्हणाले. "अॅडमिरलनेच केलं हे."

"बाबा, अॅडमिरल वारला. तुम्हीच तर त्याच्या बायकोशी फोनवर तासभर रडलात."

"मग मरायच्या आधी सांगून ठेवलं असेल!"

"हे माझ्या मावसभावाचं काम आहे," आई म्हणाली. आता तिच्या डोळ्यात पाणी होतं, पण मानेत ताठा पण होता. "मी म्हटलं नव्हतं, तो न्हाणीघरापर्यंत जातो?"

"कुणाचंच काम नाहीये हे!" झानिस ओरडला. "मी स्वतः सांगितलं! मला जायचं होतं म्हणून!"

नोनोने त्याच्या पाठीवर थाप मारली. "हुशार पोरगा. असंच म्हणायचं सगळ्यांना. वरच्या माणसाचं नाव बाहेर काढायचं नाही."

झानिसने इसिदोरोसकडे बघितलं. इसिदोरोस मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते.

आणि मग अख्खं गाव. बेकरीत पाव आणायला गेला तर बेकरीवाली म्हणाली, "एवढी मोठी ओळख आणि कधी बोलला नाहीस!" कालिओपी मावशींनी रस्ता ओलांडून येऊन त्याचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, "मला वाटलं तू वेडा आहेस. तू तर सगळ्यांच्या वरचा निघालास." गॅरेजच्या मालकाने आपल्या पुतण्याचं काम सांगितलं. छावणीतल्या त्या सोललेल्या नाकाच्या शिपायाने कुणाकडून तरी नंबर मिळवून मेसेज पाठवला: भाई, लारिसा. झानिसने सगळ्यांना सांगून बघितलं की असं काही नाही. जेवढं जास्त सांगितलं तेवढे लोक जास्त डोळे मिचकवायला लागले. शेवटी त्याने सांगणंच सोडून दिलं, आणि मग लोक म्हणायला लागले, बघ, आता खरं बोलला.

*

जायच्या दिवशी धक्क्यावर सगळेच आले. जहाजाचा मागचा दरवाजा खाली टेकलेला, ट्रक आत चढत होते, खलाशी शिट्ट्या मारत होता. आईने त्याच्या हातात एक पिशवी दिली, मग दुसरी, मग तिसरी. खिम्याचे गोळे, चीजची पोळी, भाजलेले फुटाणे, लोकरीचे मोजे, आणखी लोकरीचे मोजे.

"आई, सैन्यात जेवण देतात."

"कोण करतं ते जेवण? तुझ्या बापासारखा कुणीतरी." तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि तीनदा थू थू केलं, दृष्ट लागू नये म्हणून. थुंकी थोडी खरीच उडाली.

आजोबांनी जहाजाकडे बघून विचारलं, "तरी अर्धी रात्र पाण्यावरच जाणार, नाही का?" आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

मग नोनोने त्याला बाजूला घेतलं. खांद्यावर हात टाकला. आवाज खाली. झानिसला तो आवाज कळला.

"अजिबात काळजी करू नको," नोनो म्हणाला. "तिथे पण केलंय मी."

"काय केलंय?"

"तिकडे एव्रोसजवळ, अलेक्झांड्रुपोलीला, आमच्या फ्रिजच्या कंपनीचा एक वितरक आहे, त्याचा भाऊ सैन्यात, भांडाराला. काल फोन केला. सगळं सांगितलं. तुला रणगाड्याजवळ जाऊ पण देणार नाहीत. भांडारात, स्टोव्हजवळ, उबेला बसायचं. चादरी मोजायच्या. कसं?"

झानिसने तिन्ही पिशव्या खाली टाकल्या. "नोनो! मी तुम्हाला सांगितलं होतं का? एकदा तरी सांगितलं होतं का? तुम्ही मला पाण्यात बुडवलं तेव्हापासून वर येऊच देत नाही!"

"बघितलंत?" नोनो आईकडे वळून कौतुकाने म्हणाला. "जाताना भावुक झाला."

खलाशाने शेवटची शिट्टी मारली. इसिदोरोसने पिशव्या उचलल्या आणि झानिसचा दंड धरून त्याला ओढतच दरवाजाच्या उतारावर चढवला. झानिस मागे वळून वळून ओरडत होता आणि नोनो हात हलवत होता.

"सोड मला! जाऊन त्याचा तो फोन समुद्रात टाकतो!"

"ओरडू नको, ऐक," इसिदोरोस म्हणाला. "काल नोनोकडे चष्मा नव्हता. त्याने मला सांगितलं, इसिदोर, जरा नंबर लावून दे."

झानिस थांबला.

"मी लावून दिला."

"कुणाला?"

"माहीत नाही. शेवटचे आकडे बदलले. कुणीतरी बाई होती. मागून पीठ मळायच्या मशीनचा आवाज येत होता, बेकरी असावी. नोनोने पाच मिनिटं तुझं सगळं सांगितलं, नाव, रक्तगट, सगळं. ती बिचारी म्हणाली, बरं बरं, आला की पाठवा, बघू."

झानिसला हसायचं होतं, पण राग अजून उतरला नव्हता, त्यामुळे तोंडातून एक विचित्र आवाज आला, खोकल्यासारखा.

"हे आधी सांगायला काय झालं होतं तुला? माझा जीव गेला असता आत्ता!"

"तू ओरडत होतास," इसिदोरोस म्हणाला. "तू ओरडायला लागलास की मला मध्ये बोलता येत नाही. लहानपणापासून." त्याने पिशव्या झानिसच्या हातात कोंबल्या. "जा. इंजिन बघ. आणि उतरलास की भूक लागली तर एखाद्या बेकरीत शिरून बघ, तुझं नाव माहीत असेल."

तो उतारावरून खाली पळाला. साखळ्या कुरकुरल्या आणि दरवाजा वर उचलला जायला लागला. फट लहान होत गेली. आधी आजोबा दिसेनासे झाले, मग आई, मग नोनोचं पोट. शेवटी फटीतून फक्त इसिदोरोसचा तो सैल टी-शर्ट दिसत होता.

"ए कॉ—" झानिस सवयीने ओरडला आणि थांबला. "ए इसिदोर! कार्ब्युरेटर मध्ये मध्ये साफ करत जा!"

दरवाजा बंद झाला. खालून, पायाखालून, इंजिन सुरू झाल्याचा थरार आला. झानिसने तिन्ही पिशव्या तिथेच एका ट्रकच्या चाकाजवळ ठेवल्या, कान लावला, आणि वैतागून स्वतःशीच म्हणाला, "एक सिलिंडर नीट मारत नाहीये. कुणी बघतच नाही."